[गप्पा] जीनो गेला, डार्नॉल्ड आला

मार्च २०२५

मंडळी,
पाडव्याच्या श्रीखंडाच्या धाग्यात अमेरिकन फुटबॉल घुसडू नका असं सेक्रेटरींनी दटावलंय, म्हणून हा वेगळा धागा. आपल्या सिअ‍ॅटलच्या सीहॉक्सनी क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जीनो स्मिथला रेडर्स टीमकडे धाडलं आणि त्याच्या जागी सॅम डार्नॉल्ड आणला. तीन वर्षांचे १०.०५ कोटी डॉलर! जानेवारीत रॅम्सच्या टीमनं याला पास फेकायच्या आत नऊ वेळा आडवा केला, ते आमच्याकडे पोहे खात सगळ्यांनी बघितलंय. एका बऱ्या सीझनवर एवढे पैसे?
– नाना, रेडमंड

नाना,
ज्या जीनोसाठी हळहळताय, तो तरी कुठून आला होता? २०१५ मध्ये जेट्स टीमच्या लॉकर रूममध्ये सहाशे डॉलरच्या उधारीवरून सहकाऱ्यानंच जबडा फोडला. जागा गेली ती गेलीच. त्या सीझनपासून २०२१ पर्यंत मिळून सुरुवात करायला मिळालेले सामने पाच! मग सीहॉक्सचा मुख्य क्वार्टरबॅक विल्सन डेन्व्हरला गेला आणि २०२२ मध्ये जीनोचे ६९.८ टक्के पास पोचले, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. तेव्हाही तुम्ही "एकच वर्ष" म्हणाला होतात, मेल आहे माझ्याकडे.

डार्नॉल्ड एकविसाव्या वर्षी त्याच जेट्सकडे उतरला. पहिलाच पास थेट विरोधकाच्या हातात आणि त्याचा टचडाउन (सहा गुण). पुढच्या वर्षी पेट्रियट्सनी ३३-० नं धुतलं, तेव्हा बाकावर बसून "भुतं दिसतायत" म्हणाला, तेही माइक चालू असताना. पोरगं कच्चं असताना मोडक्या टीमवर सोडलं की असंच होणार. २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोत तिथल्या क्वार्टरबॅक पर्डीच्या मागे जवळजवळ वर्षभर बसला, बघितलं, शिकला. मग मिनेसोटात ३५ टचडाउन, १४ विजय.
– बंडू

बंडू,
मेल जपून ठेवतोस, मंडळाची वर्गणी मात्र विसरतोस.
पुनरागमन होत नाही असं मी म्हणत नाही. टिकतं का, एवढंच विचारतोय. आपल्या अजिंक्यचंच बघ. दीड वर्षानं परत येऊन २०२३ ला ओव्हलवर ८९ आणि ४६. वेस्ट इंडिजमध्ये आणखी दोन कसोट्या, की पुन्हा बाहेर.
– नाना

नाना, बंडूभावजी,
तुम्ही दोघंही नुसतं क्वार्टरबॅककडे बघताय. रॅम्सची मॅच मी परत लावली (ह्यांना झोप लागल्यावर). निम्म्या सॅकमध्ये (क्वार्टरबॅकला असं पाडणं) लाइनचा, म्हणजे त्याला आडोसा देणाऱ्यांचा दोष आहे, पण बाकीच्यांत हा चेंडू कवटाळून उभा. जवळचा माणूस मोकळा दिसत असतानाही लांबच्याची वाट बघतो, पाय जागच्या जागी थुईथुई, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी येऊन पाडतं. ती सवय गेलेली नाही, नानांचं तेवढं खरं.

पण जीनोही गेल्या सीझनला पन्नास वेळा पडलाय, तो आपल्याच लाइनच्या मागे. तिथे माणसं घेतली नाहीत तर कुणालाही आणा. आशा वाटते ती क्लिंट क्युबिआकमुळे. आपला नवा ऑफेन्स कोऑर्डिनेटर (हल्ल्याच्या चाली ठरवणारा कोच) २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोतच पासिंगचं काम बघत होता. म्हणजे डार्नॉल्डला चालींची वही नवी नाही. पळत पळत बाहेर येऊन फेकायला लावलं, तर विचार करत उभं राहायला वेळच मिळणार नाही त्याला.

आणि श्रीखंडाला चक्का कोण बांधतंय? त्या धाग्यात अजून एकही नाव नाही.
– वहिनी, बॉथेल

चक्का मी बांधतो. डार्नॉल्ड सप्टेंबरात बघू.
– नाना