मदत हवी आहे: जर्मनीत भारतीय लायसन्स बदलताना ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा द्यावी का?

नमस्कार मंडळी,

मूळ नियम माहीत आहेत, ते पुन्हा सांगू नका. जर्मनीत मुक्काम सुरू झाल्यापासून ६ महिनेच भारतीय लायसन्स चालतं, तेही भाषांतरासोबत. पुढे गाडी चालवली तर तो साधा दंड नाही, थेट गुन्हा. थेट अदलाबदल होणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही, म्हणून लेखी आणि गाडीची अशा दोन्ही परीक्षा आल्या. ड्रायव्हिंग स्कूलचे सक्तीचे तास मात्र माफ. डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा वर्ग (४५ मिनिटांचे ९ तास), बायोमेट्रिक फोटो, भाषांतर, सगळं तयार आहे. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, ३० प्रश्न, चुकांचे १० गुण होईपर्यंत पास. पण ५ गुणांचे दोन प्रश्न चुकले की नापास.

अडकलंय ते इथे. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सवर ७८ हा कोड पडतो, म्हणजे गिअरची गाडी बंद. बी १९७ (परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही गिअरची गाडी चालवायची मुभा) घेतलं तर हा कोड टळतो, पण त्यासाठी गिअरच्या गाडीवर किमान १० तास आणि ड्रायव्हिंग स्कूलची १५ मिनिटांची चाचणी लागते. सक्तीचे तास माफ असलेल्यांनाही हे १० तास घ्यावेच लागले का?

दुसरं, पत्ता बदलून भारतीय लायसन्सचं नवीन कार्ड निघालं असेल तर त्यावरची तारीख जर्मनीत आल्यानंतरची दिसते, आणि लायसन्स इथे येण्याआधीचं असणं तर गरजेचं. अशा वेळी आरटीओचा उतारा इथल्या लायसन्स कार्यालयाने मानला का? अलीकडे केलेल्यांनीच सांगा, शहराच्या नावासकट.