तुमच्या घरी देव कुणी शिकवला? (अनुभव धागा)

कृष्णाकाठची
काल दिवेलागणीला लेक (साडेतीन वर्षं) नैवेद्याच्या खडीसाखरेकडं टक लावून बसली आणि म्हणाली, "आई, बाप्पाला भूक नाहीये. मी संपवू?"
एकदम वाईची आजी आठवली. ढोल्या गणपतीपुढं मी विचारलेलं, हा उठला तर दारातनं बाहेर कसा येणार? "तो येत नाही, आपण जायचं असतं." मनाचे श्लोक रोज एक पाठ करून घ्यायची. 205 आहेत, माझी गाडी चाळीसावर अडकली ती अडकलीच. आता इथं सांगलीत नवऱ्याला देवधर्म नको, सासूबाईंना सगळंच हवं. लिहा तुमचं.

गडाखालचा
चाळीस म्हणजे लई झाले की! मी दोनावर थांबलोय, आणि घर परळीत, सज्जनगडाच्या पायथ्याला. 🙈

अंधाराआत
आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवण. थंडीत सहालाच अंधार, ऐन डावात आईची हाक. बॅट माझी, म्हणून सगळ्यांचा डाव बंद. शिव्या मला. पाप-पुण्य आईनं कधी काढलं नाही. "दिव्याला किडं येतात, ताटात पडतात," एवढंच. आता पुण्यात रात्री साडेनऊला जेवतो. पहिल्या घासाआधी ताटात किडा आहे का बघतो, अजून.

कृष्णाकाठची
@अंधाराआत 😂 आणि दशलक्षणात कांदा-बटाटा?

अंधाराआत
बंद म्हणजे बंद. डब्यात मूगडाळ.

मिरजवाली
पहिला रोजा, सात वर्षांची होते. दुपारी मोरीत जाऊन नळाला तोंड लावलं. बाहेर आले तर हनुवटीवरनं पाणी गळतंय, समोर अम्मी. तिनं ओढणीनं पुसलं, बोलली काहीच नाही. संध्याकाळी हार घातला, शेजारच्यांनी पैसे दिले. रात्री मीच रडत सांगितलं. म्हणाली, "मला काय सांगतेस, ज्याचा रोजा त्याला सांग."
मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असतं, तिथं अब्बांच्या मांडीवर झोपायचे. माझा धर्म निम्मा त्या तानपुऱ्यातच असेल. कुकर झाला, पळते.

नको_रे_बाबा
आमच्याकडं नुसती भीती. "देवाला पाय लागला, आता पाय वाकडा होणार." आठ दिवस पाय तपासत होतो. पोरांना असलं सांगू नका एवढंच.

कराडकर_पाटील
आजोबा सत्यशोधक. घरात देव्हारा नाही, भिंतीवर जोतीराव. आजी मात्र पौषात माहेरी जाते म्हणून आम्हाला पालीला न्यायची, खंडोबाच्या लग्नाला. भंडारा कानात, नाकात, चड्डीच्या खिशात. घरी आल्यावर आजोबांनी खिसा उलटा केला, पिवळी धूळ जमिनीवर. आजीचा चेहरा पडला. आजोबा म्हणाले, "येळकोट तरी जोरात म्हणलास का?"

गडाखालचा
आजोबा भारी! पालीला कराडातनं एसटी आहे ना?

कराडकर_पाटील
हो. पण जत्रेला सकाळी लवकर निघा, नंतर पाय ठेवायला जागा नसते.

कृष्णाकाठची
@नको_रे_बाबा, तेच तर. कालच सासूबाई तिला "देव कान कापतो" म्हणाल्या. मी चिडले. आत्ता बघते तर दोघी देवघरात, खडीसाखरेची वाटी रिकामी, आणि सासूबाईंच्याही तोंडात काहीतरी आहे.

अंधाराआत
सांगलीहून पुण्याला कुणी येतंय का या रविवारी? भडंग पाहिजे होतं. लसणाचं नको.