नववीचे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक यांच्या प्रेरणेवर शाळेतच संशोधन करायचे आहे. आराखडा कसा बांधावा?

पूर्वभागकर (प्रश्न)

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी गणित शिकवते. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी तेलुगू बोलली जाते, आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर किंवा गारमेंटमध्ये कामाला असतात, आणि आठवी ओलांडली की मुलांचे, विशेषतः मुलींचे, अभ्यासातले लक्ष हळूहळू उडत जाते असा आम्हा सर्वांचा अनुभव आहे. शिक्षकांमध्ये उत्साह नाही म्हणून मुलांमध्ये नाही, असे मुख्याध्यापक म्हणतात. शिक्षकखोलीत याच्या नेमके उलट ऐकायला मिळते. या वादाला काही पुराव्याचा आधार मिळावा म्हणून येत्या वर्षी कृती संशोधन (शिक्षकांनी आपल्याच शाळेतील प्रश्नावर केलेले संशोधन) हाती घेण्याचे ठरले आहे.

सध्याचा आराखडा असा आहे. जूनमध्ये सर्व शिक्षकांकडून आणि नववीच्या दोन्ही तुकड्यांकडून प्रेरणेची प्रश्नावली भरून घ्यायची. त्यानंतर दरमहा उत्कृष्ट विद्यार्थी व उत्कृष्ट शिक्षक यांना बक्षीस, मान्यवरांची व्याख्याने, आणि पहिल्या घटक चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेल्या मुलांकडे विशेष लक्ष, असे उपक्रम राबवायचे. मार्चमध्ये तीच प्रश्नावली पुन्हा देऊन फरक काढायचा. मुख्याध्यापकांची संमती आहे व प्रश्नावल्या ते स्वतः गोळा करणार आहेत. प्रश्नावली कोणती घ्यावी, तुलनेसाठी दुसरा गट लागेल का, आणि बक्षिसांचा खरोखर उपयोग होतो का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

आकडेमोड

मॅडम, विषय उत्तम आहे, परंतु हा आराखडा जसा आहे तसा राबवला तर तो हमखास यशस्वी ठरेल, आणि हाच त्यातला मोठा दोष आहे. ज्या आराखड्यात अपयश दिसण्याची सोयच नाही, त्यातून काही कळत नाही.

सर्वांत कमी गुणांच्या मुलांचेच उदाहरण घ्या. एखाद्या चाचणीत तळाला गेलेल्या मुलांमध्ये खरोखर कच्ची मुले असतात, तशीच त्या दिवशी ताप असलेली, आदल्या रात्री घरी विडीचे पान कापत बसावे लागलेली, किंवा नेमका न वाचलेला धडा आलेली मुलेही असतात. दुसऱ्या चाचणीला या दुसऱ्या प्रकारच्या मुलांचे गुण आपोआप वर येतात आणि गटाची सरासरी वाढते. आपण काहीही केले नसते तरी ती वाढलीच असती. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. आपल्याकडील कृती संशोधनाच्या अहवालांत ‘उपक्रमानंतर प्रगती’ म्हणून जे दाखवले जाते, त्यातला बराच भाग हाच असावा असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून कमी गुणांची मुले वेगळी काढायचीच असतील, तर तशाच गुणांची काही मुले उपक्रमाविना, निदान काही आठवडे, तुलनेसाठी ठेवावी लागतील.

दुसरी अडचण अशी की बक्षीस, व्याख्यान आणि विशेष लक्ष या तीन गोष्टी एकाच वेळी केल्या, तर फरक पडला तरी तो कशामुळे पडला हे सांगता येणार नाही. एकच गोष्ट निवडा. आपण गणित शिकवता, म्हणून सुचवतो : गृहपाठाच्या वह्या. बहुतेक वह्यांवर लाल शाईत ‘पाहिले’, खाली सही आणि तारीख, एवढेच असते. त्याऐवजी ‘तिसऱ्या पायरीपर्यंत बरोबर आहे, समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह बदलायचे राहिले, तेथून पुन्हा सोडव’ असे एक वाक्य लिहिले तर काय होते, हे तपासता येईल. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केवळ लेखी शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी आणि रुची दोन्ही टिकली व वाढली. शेऱ्याबरोबर गुणही दिले, तेव्हा तो लाभ दिसला नाही. ती मुले पाचवी-सहावीची आणि इस्रायलमधली होती, म्हणून नववीत आणि सोलापुरात तसेच घडेल असे गृहीत धरता येत नाही, आणि म्हणूनच आपल्या शाळेत करून पाहण्यासारखे ते आहे.

दोन्ही तुकड्यांना आपणच शिकवत असाल तर फार सोय होईल. एका तुकडीत शेरे आधी सुरू करा, दुसरीत काही आठवड्यांनी. एकाच तुकडीत निम्म्या वह्यांवर शेरे लिहू नका, कारण मुले वह्या एकमेकांना दाखवतातच. मात्र ऐंशी मुले असली तरी तुकड्या दोनच आहेत हे विसरू नये; शेरे अख्ख्या तुकडीला मिळतात, म्हणून तुलना खरे तर दोनच गटांची होते. अहवालात मोठमोठ्या सांख्यिकी कसोट्या लावून ‘सिद्ध झाले’ असे लिहिण्यापेक्षा जे दिसले ते नीट मांडणे अधिक प्रामाणिक ठरेल.

आणि प्रेरणा मोजायची म्हणजे प्रश्नावलीच हवी असे नाही. चाचणीत कोरी सोडलेली उदाहरणे मोजा. चुकलेले उदाहरण न सांगता पुन्हा सोडवून आणणारी मुले मोजा.

बार्शीचे मास्तर

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे. बक्षिसांविषयी दोन शब्द लिहितो, कारण या विषयावर दोन्ही बाजूंनी घाईने बोलले जाते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवर प्रयोग केला. चित्रे काढली तर प्रशस्तिपत्रक मिळेल असे ज्यांना आधीच सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना ते अचानक मिळाले त्यांच्यात तसे झाले नाही. यावरून बक्षिसे वाईटच, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु त्या मुलांना चित्रे काढणे मुळात आवडत होते. नववीतल्या किती मुलांना बीजगणित मुळात आवडते, हे आपण सर्वजण जाणतो. जी गोडी लागलेलीच नाही ती बक्षिसाने जाईल कशी? माझा आक्षेप वेगळा आहे. ‘उत्कृष्ट विद्यार्थी’ हा दरमहा त्याच चार-पाच मुलांतून निघतो, आणि मागच्या बाकावरच्यांना आपला त्याच्याशी काही संबंध नाही हे पहिल्याच महिन्यात समजते.

शिक्षकांचे म्हणाल तर आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत मुरलीधरन आणि सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या प्रगतीनुसार शिक्षकांना जादा रक्कम देऊन पाहिली होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन वर्षांनंतर त्या शाळांतील मुले गणितात ०.२७ आणि भाषेत ०.१७ प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप) पुढे होती. परिणाम खरा आहे, पण तो पैशाचा आहे. आपल्या शाळेत देण्यासारखे असते ते शाल, श्रीफळ आणि फळ्यावर नाव. ज्यांना मिळणार नाही त्यांची कुरबुर तेवढी नक्की वाढेल.

डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या प्रेरणेविषयीच्या सिद्धान्तात माणसाच्या तीन गरजा सांगितल्या आहेत : आपले निर्णय आपण घेतो ही भावना, आपल्याला जमते ही भावना, आणि आपलेपणा. त्यांपैकी पहिलीच आपल्या शिक्षकांच्या वाट्याला सर्वांत कमी येते, कारण परिपत्रक वरून येते आणि माहिती ‘आजच्या आज’ भरायची असते. म्हणून या संशोधनात शिक्षकांना मोजण्याऐवजी सहभागी करून घ्यावे असे सुचवतो. कोणता उपक्रम, कोणत्या घटकावर, शेरा कसा लिहायचा, हे त्यांनीच ठरवावे. शिक्षकांमुळे मुले की मुलांमुळे शिक्षक, या वादाचा निकाल एका शाळेत एका वर्षात लागणार नाही. तो नाद सोडलेला बरा.

वेळापत्रकाचेही पाहा. मार्च अजिबात धरू नका. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, मग स्नेहसंमेलन, त्यापुढे दहावीची बोर्डाची परीक्षा. शाळा परीक्षा केंद्र असेल तर नववीचे तास कागदावरच राहतात. जुलै ते डिसेंबर एवढाच काळ खरा, आणि त्यातही दिवाळीची सुट्टी आहे.

विडी घरकुल

मुख्याध्यापकांनी प्रश्नावल्या गोळा करू नयेत, एवढेच सांगायला आले होते. शिक्षकांच्या कामाचा वार्षिक गोपनीय अहवाल ज्यांच्या हाती आहे, त्यांच्याच हाती ‘मला माझ्या कामात समाधान वाटते का’ याचे उत्तर कोण खरे देईल? नाव नसले तरी छोट्या शाळेत ‘विषय : संस्कृत, सेवा : वीस वर्षांहून अधिक’ एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. हे काम शाळेबाहेरच्या कोणाकडे द्यावे. अध्यापक महाविद्यालयातील एखादे प्राध्यापक मदत करू शकतील.

मुलांसाठी प्रश्नावली हवीच असेल, तर व्हॅलरँड व सहकाऱ्यांची २८ विधानांची शैक्षणिक प्रेरणा मापनी १९९२ पासून वापरात आहे. मराठी रूपांतर केल्यावर ते दुसऱ्या कोणाकडून पुन्हा इंग्रजीत करवून मूळाशी ताडून पाहा, आणि आधी दहावीच्या काही मुलांना मोठ्याने वाचायला सांगून त्यांना प्रत्येक विधानाचा काय अर्थ लागतो ते विचारा. ज्यांच्या घरी तेलुगू आहे, त्यांना पुस्तकी मराठीतले दुहेरी नकार फार अडखळवतात. पालकांची लेखी संमती घ्यावी. ज्या आईला वाचता येत नाही तिला तेलुगूत समजावून सांगणारी व्यक्ती सोबत असावी.

पूर्वभागकर

सर्वांचे मनापासून आभार. आराखडा आता असा बदलते आहे : बक्षिसे व व्याख्याने वगळली. दोन्ही तुकड्यांना गणित मीच शिकवते, म्हणून ‘अ’ तुकडीत जुलैच्या मध्यापासून आणि ‘ब’ तुकडीत सप्टेंबरपासून लेखी शेरे सुरू करायचे. शेऱ्यासोबत गुण द्यायचे नाहीत. कोरी सोडलेली उदाहरणे आणि स्वतःहून केलेली दुरुस्ती यांची नोंद जूनपासूनच ठेवायची, म्हणजे आधीची स्थितीही कळेल. विज्ञानाचे सर व मराठीच्या मॅडम स्वेच्छेने सामील व्हायला तयार आहेत. मुख्याध्यापकांना हे पटवून देणे बाकी आहे, परंतु खर्च वाचतो म्हटल्यावर ते ऐकतील असे वाटते.

आकडेमोड

छान. एकच भर घाला. डिसेंबरपर्यंत काही मुले शाळेत यायची थांबतील किंवा लग्नसराईत, कामाच्या दिवसांत गैरहजर राहतील, आणि बहुधा तीच सर्वांत निरुत्साही असतील. शेवटी हजर असलेल्यांचीच सरासरी काढली, तर ती या गळतीमुळेच वर जाईल. जूनच्या हजेरीपटावरची सर्व नावे शेवटच्या तक्त्यातही ठेवा, आणि जे नाहीत त्यांच्यापुढे ते का नाहीत हे घरी विचारून लिहा.