मदत हवी आहे: बाबांचं अब्लेशन आणि अन्ननलिकेची काळजी

नमस्कार मंडळी, आम्ही दादरचे. बाबांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) आहे. छातीत फडफड सुरू झाली की जिन्यात कठडा धरून थांबतात. आता अब्लेशन ठरलंय, म्हणजे नळीवाटे हृदयातला बिघडलेला भाग बहुधा उष्णतेने निकामी करणं. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या कर्णिकेच्या अगदी पाठीशी असते, उष्णतेने तिला इजा होऊ शकते, हे ऐकून आई फार धास्तावली आहे.

मुंबईत कुणी करून घेतलंय का? तुमच्याकडे अन्ननलिकेत नुसती तापमान मोजणारी नळी घातली होती, की आतून थंड पाणी फिरवणारी? अमेरिकेत तिला २०२३ मध्ये मान्यता मिळालीय, इथे मिळते का? की सरळ पल्स्ड फील्डबद्दल (उष्णतेऐवजी विजेच्या झटक्यांनी केलेलं अब्लेशन) विचारावं? त्यात ऊतींना चटका बसत नाही, म्हणून मला तेच बरं वाटतंय. विम्यात बसलं का, तेही सांगा.

नंतरच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा गिळताना दुखलं तर लगेच हॉस्पिटल गाठायचं, एंडोस्कोपी परस्पर करायची नाही, हे माहीत आहे. आणखी कशावर लक्ष ठेवलंत?