कैलास रांग सोडली, तेव्हा आपण नेमके काय दिले आणि काय घेतले?

मूळ लेखक, पुणे
‘फेब्रुवारी 2021 मध्ये पूर्व लडाखमधील कैलास रांगेवरून सैन्य खाली आणणे ही निव्वळ शरणागती होती,’ हे परवाच्या चर्चेतले वाक्य वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस आपल्या जवानांनी पँगाँग सरोवराच्या दक्षिणेकडील रेझांग ला, रेचिन ला या खिंडींचा सगळा टापू ताब्यात घेतला आणि स्पांगूरची खिंड व मोल्दोचा चिनी तळ आपल्या माऱ्याच्या टप्प्यात आला. गलवानमध्ये 15 जूनच्या रात्री कर्नल संतोष बाबूंसह 20 जण गमावल्यावर वाटाघाटीत आपल्या हाती आलेले ते पहिले हुकमाचे पान होते. त्याच्याच बळावर फेब्रुवारी 2021 च्या समझोत्यात चिनी सैन्याला सरोवराच्या उत्तर काठावरून फिंगर 8 च्या पूर्वेला जावे लागले (‘फिंगर’ म्हणजे त्या काठावर सरोवराकडे उतरणाऱ्या डोंगराच्या सोंडा). जे पान खेळण्यासाठीच मिळवले होते, ते खेळलो, तर त्याला शरणागती कोणत्या न्यायाने म्हणायचे?

माजी सैनिक, सातारा जिल्हा
ते वाक्य माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. उत्तर काठ मिळाला, मग लडाखच्या उत्तरेकडच्या देपसांग पठाराचे काय? तेथे अडवलेली आपली गस्त ऑक्टोबर 2024 च्या समझोत्यापर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक काळ, अडलेलीच राहिली. तुमचे एकच पान होते आणि ते तुम्ही अर्ध्या डावासाठी टाकले. मी नोकरीतले दोन हिवाळे चुशूलच्या बाजूला काढले आहेत. बुखारी, म्हणजे तंबूतली शेगडी, विझली की तंबूच्या आतल्या कापडावर श्वासाचे बर्फ धरते, रायफलीच्या नळीला उघडे बोट लागले तर कातडी तिथेच राहते, आणि चहाच्या पाण्यासाठी आधी बर्फ फोडून आणावा लागतो. अशा उंचीवर चढून बसणे म्हणजे काय, हे नकाशावर बोट ठेवून कळत नाही.

आंतरराष्ट्रीय संबंधांची विद्यार्थिनी, मुंबई
काका, आपल्या सेवेबद्दल आदर आहे, परंतु त्या हिवाळ्याचा विचार वाटाघाटी करणाऱ्यांनीही केलाच असेल. माझा आक्षेप आपणा दोघांवर आहे. फिंगर 3 ते फिंगर 8 या पट्ट्यात पूर्वी आपली गस्त जात असे. समझोत्यानंतर तेथे दोघांपैकी कोणीच जायचे नाही असे ठरले, याला मूळ लेखक ‘चिनी मागे गेले’ एवढेच म्हणतात. 18 नोव्हेंबर 1962 रोजी 13 कुमाऊंची चार्ली कंपनी रेझांग ला येथे जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. मेजर शैतान सिंह यांचा देह जेथे सापडला, तेथले स्मारक अशाच निर्लष्करी पट्ट्यात आल्यामुळे काढावे लागले, असे चुशूलच्या लोकप्रतिनिधींनी 2023 मध्ये जाहीरपणे सांगितले. मेंढ्या चारणाऱ्यांची कुरणे गेली ती वेगळीच. वाटाघाटींच्या हिशेबात त्यांना कोणी धरले?

लघुउद्योजक, भोसरी
शिखरे कोणी कधी सोडली यावर आपण भांडत आहोत, पण दाब नेमका कोठे बसतो हे कोणी बोलत नाही. जून 2020 मध्ये 59 चिनी अ‍ॅपवर बंदी आली तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या. तरी चीनबरोबरची व्यापारी तूट 2024-25 मध्ये सुमारे 99 अब्ज डॉलरवर गेली. एप्रिल 2025 मध्ये चीनने रेअर अर्थ मॅग्नेटच्या (मोटरीत लागणाऱ्या, दुर्मीळ धातूंच्या शक्तिशाली चुंबकांच्या) निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा माझ्या शेडमध्ये मोटरींच्या बॉडी रांगेने मांडून ठेवलेल्या होत्या आणि आत बसवायला मॅग्नेट नव्हते. अकरा कामगारांना मी तीन आठवडे अर्ध्या पाळीवर ठेवले.

माजी सैनिक, सातारा जिल्हा
तुमच्या मोटरी थांबल्या म्हणून सीमेवर नमते घ्यायचे का? हे ऐकून माझे डोके तापते. स्वस्त पडते म्हणून तीस वर्षे तिकडूनच माल आणला कोणी?

लघुउद्योजक, भोसरी
आवाज चढवू नका. मी नमते घ्या असे कोठेही म्हटलेले नाही. दुसरीकडून आणायचे तर माल मिळत नव्हता, आणि येथे बनवायला जे यंत्र व जी विद्या लागते ती एका मोसमात उभी राहत नाही. मॅग्नेट ही त्यांची कैलास रांग आहे. ती त्यांनी वर्षानुवर्षे खपून चढलेली आहे, आणि पुरता मोबदला घेतल्याशिवाय ते खाली उतरणार नाहीत. आपण सहा महिन्यांत उतरलो, माझी तक्रार तीच आहे.

विद्यार्थिनी, मुंबई
म्हणजे आपण काकांच्याच बाजूचे निघालात.

लघुउद्योजक, भोसरी
एवढ्या एका मुद्द्यापुरता, होय.

मूळ लेखक, पुणे
मॅग्नेटचा विषय एवढा वाढेल असे वाटले नव्हते, पण त्यानेच माझी बाजू कमकुवत केली, हे कबूल करणे भाग आहे. देपसांगचा प्रश्न त्याच वेळी बांधून घ्यायला हवा होता. तरीही उत्तर काठावरचे चिनी बांधकाम लढाई न करता उतरले, हे मी सोडणार नाही.

माजी सैनिक, सातारा जिल्हा
‘निव्वळ’ हा शब्द मागे घेतो, त्यापलीकडे नाही. देपसांग आणि डेमचोकला गस्त सुरू झाली, चांगले झाले. पण दोन्हीकडची वाढीव फौज परत नेण्याचा प्रश्न त्या समझोत्याने सुटला नाही. माझ्या चुलतभावाचा मुलगा दिवाळीला घरी आला होता, आता पुन्हा वर गेला आहे.