ओताबेकचा कोरा चेहरा आणि गुण

'युरी ऑन आइस' या फिगर स्केटिंगवरच्या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतल्या ओताबेक या कझाक स्केटरबद्दल कुणी म्हटलंय, 'ओताबेक चेहऱ्याची एक रेघ हलवत नाही, खऱ्या स्पर्धेत त्याचे कलात्मक गुण कापले गेले असते'. ते पटत नाही. मालिका २०१६ मध्ये आली तेव्हा या कलात्मक, म्हणजे कंपोनंट गुणांचे पाच भाग होते: स्केटिंग कौशल्य, जोडहालचाली (उड्या-गिरक्यांच्या मधल्या हालचाली), सादरीकरण, रचना आणि संगीताचा अर्थ. प्रत्येकी दहापैकी. पुरुषांच्या फ्री स्केटमध्ये (स्पर्धेतल्या दोनपैकी लांब कार्यक्रमात) बेरजेला दोनने गुणायचे, म्हणजे कमाल १००. यात 'चेहरा' असा रकानाच नव्हता. परीक्षक बघतात ते एजची (स्केटच्या पात्याच्या कडेची) खोली, वेग आणि ताल शरीरात किती उतरलाय ते. हसरा चेहरा ठेवून प्रत्येक उडीआधी लांबलचक सरळ धाव घेणारा तेव्हा जोडहालचालींत मार खायचाच.

त्याची खरी अडचण दहाव्या भागात तो स्वतःच सांगतो: याकोव या रशियन प्रशिक्षकाच्या शिबिरात बॅले जमेना, म्हणून त्याला लहान मुलांच्या वर्गात बसवलं होतं. तिथून त्याने आपली वेगळी वाट धरली, आणि 'समरकंद ओव्हर्चर' या संगीतावरच्या त्याच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये (छोट्या कार्यक्रमात) ती दिसते. (मला तरी तो कार्यक्रम मालिकेतल्याच जेजे या कॅनेडियन स्केटरच्यापेक्षा कैक पटींनी आवडतो.)

मालिकेतले गुण आजच्या नियमांशी ताडू नका. तेव्हा कार्यक्रमाच्या उत्तरार्धातल्या प्रत्येक उडीला १० टक्के बोनस होता, १०.५ गुणांचा क्वाड साल्को (हवेत चार फेऱ्यांची एक उडी) थेट ११.५५ चा व्हायचा. २०१८ पासून फ्री स्केटमध्ये तो फक्त शेवटच्या तीन उड्यांना मिळतो.