देवस्थान, नाट्यगृह आणि दशावतार कंपनी, तिघांनी मिळून दुसरा प्रयोग केला तर?

कुडाळचो_चाकरमानी
यंदा जत्रेला गावी गेलेलो. पालखीच्या प्रदक्षिणा उरकून दशावताराचं नाटक उभं राहायला रात्रीचा एक वाजला, गणपती येऊन गेला, संकासुराने मस्त हसवलं आणि आख्यान जरा रंगात येतंय तोच कुणीतरी तक्रार केली म्हणून माईक बंद. पत्र्याचा सभामंडप, बाहेर खाज्याच्या दुकानांचा जनरेटर, त्यात राजाचं काम करणारा बिचारा घसा फोडून बोलतोय आणि पाचव्या रांगेच्या मागे काही ऐकू जात नाही. तीन वाजता मागे वळून बघितलं तर पोरंटोरं ट्रिकसीन (चमत्काराचे देखावे) बघून घरी गेलेली आणि उरलेली म्हातारी माणसं कांबळी घेऊन अर्धी झोपलेली.

तेव्हापासून डोक्यात आहे ते इथे टाकतो. जत्रेतलं नाटक आहे तसंच राहू दे, त्याला हात लावायचा नाही. पण त्याच कंपनीचा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालुक्याच्या नाट्यगृहात एक प्रयोग लावायचा, तीन तासांचा, तिकीट लावून. देवस्थान कमिटीने जत्रेच्या पत्रिकेत त्याची जाहिरात करायची आणि तिकिटं खपवायला मदत करायची, नाट्यगृहाने भाडं माफ करायचं किंवा निदान अर्धं घ्यायचं, आणि गल्ला कंपनीचा. चाकरमानी तसेही दोन दिवस गावात असतातच, त्यांना रात्रभर जागवत नाही पण नाटक तर बघायचंय.

दोन्हीकडे जाऊन विचारूनही आलो. कमिटीचं म्हणणं, देवाचं नाटक तिकीट लावून दाखवलं तर गाव काय म्हणेल. आणि नाट्यगृहाच्या माणसाने सगळं ऐकून घेऊन एवढंच विचारलं की शेवटी हंडी फोडणार असाल तर दही स्टेजवर सांडणार का 😄 तुम्हाला काय वाटतं?

मांडावरचो
बाबा रे, सगळा वाचलंय. पैशाच्या बाजून तुझा बरोबर आसात, पण तू एक गोष्ट इसारलंस. जत्रेतला नाटक लोकांसाठी नसता, देवासाठी असता, लोक नुसते सोबतीक बसतत. पयलो गणपती येता, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मगे संकासूर, ह्येका आडदशावतार म्हणतत. तीन तासात बसवक गेलंस तर पयली कात्री ह्येच्यारच लागतली. मगे उरला काय? तलवारी आणि ट्रिकसीन. आणि पहाटे हंडी फुटान दहीकालो झाल्याशिवाय जत्रा पुरी होणा नाय, त्या दह्यासाठीच तर आवशी-बापूस रात्रभर पोरांका मांडीर घेवन बसतत.
हॉलात नाटक करा, कोण नको म्हणता? पण मगे देवळाचा नाव कित्याक लावतंस?

हिशेबनीस
मांडावरचो, नाव लावायचं कारण सरळ आहे, त्याशिवाय तिकीट खपत नाही. आपल्याकडे माणूस दशावतार बघायला जात नाही, अमुक देवीच्या जत्रेला जातो.

आणि "देवासाठी" म्हणताना पैशाचंही बघा जरा. आमच्या भागात हक्काच्या जत्रेला कंपनी जे मानधन घेते ते बाहेरच्या खाजगी प्रयोगापेक्षा कमी असतं, का तर देवाचं काम, वाडवडलांपासून चालत आलेलं. एका तिथीला पाच गावच्या जत्रा आल्या तर एकच घेता येते, बाकीच्या हुकल्या. दिवाळीनंतर सीझन सुरू होतो, पावसात काही नाही, मग हाच राजा शेतात नाहीतर कुठेतरी रोजावर. श्रद्धेचा डिस्काउंट दरवेळी कलाकारानेच का द्यायचा? मंडपवाला देतो का?

इतिहासही हेच सांगतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवर केलं ते राजाच्या आश्रयावर. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ बघून राजांनाच तसं काहीतरी हवं होतं. राजे गेले, आश्रय संपला आणि मग मंडळी मुंबईला येऊन तिकिटावर खेळ करायला लागली. आज आपण ज्याला मराठी रंगभूमी म्हणून डोक्यावर घेतो ती त्या तिकिटातून वाढली.

झाडीचा_पोरगा
कोकणवाल्यांनो, तुमचा वाद वाचून गंमत वाटली. आमच्याकडे झाडीपट्टीत (गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया) दिवाळीनंतर मंडई (म्हणजे गावची जत्राच) भरते, शंकरपट (बैलांची शर्यत) असतो, आणि रात्री नाटक असतंच असतं, रात्रभर, आणि तिकीट लावून! वडसा म्हणजे देसाईगंजला कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावचं मंडळ तिथे जाऊन बुकिंग करतं. मंडप उभारतं, खड्डा खणून स्टेजपुढे बसायची सोय करतं, तिकिटं विकतं. नफा झाला तर देवळाचं काम, शाळेचं काम, नाहीतर पुढच्या वर्षाला शिल्लक. तिकीट लावल्याने देव रागावला असं कुणी म्हणताना मी तरी ऐकलं नाही. २०२३ ला आमच्या परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली ती ह्याच तिकिटाच्या नाटकांतून.

मांडावरचो
@झाडीचा_पोरगा तुमचा नाटक मंडईत असता, गाभाऱ्यासमोर नसता. फरक हयसरच आसा. शंकरपटाक कोण नैवेद्य दाखवता?

झाडीचा_पोरगा
बैलाला दाखवतो ना 😂 पण मुद्दा कळला तुमचा. फक्त एक सांगतो, मंडळाने हमी घेतली आणि पाऊस आला की मंडळ बुडते. आमच्या गावात एकदा असं झालं, दोन वर्षं नाटकच नाही मग. नुकसान कुणी सोसायचं ते आधी कागदावर लिहा.

पेडणेकरीण
मी गोव्यातून. आमच्याकडे ह्यात नवीन काहीच नाही खरं तर. काल्याला, जत्रेला देवळाच्या मांडवात नाटकं होतात, बऱ्याच ठिकाणी गावातलीच मुलं बसवतात, पेडण्यात दशावतारही होतो, बघायला पैसे नाहीत. ख्रिश्चन वाड्यांवर चर्चच्या फेस्ताला तियात्र (कोंकणी संगीत नाटक), तिथे मात्र तिकीट काढूनही लोक जातात आणि तियात्र हा पहिल्यापासून धंद्याचाच रंगमंच, १८९२ साली मुंबईत सुरू झाला तेव्हापासून. शिवोलीचा जागोर (रात्रीचं लोकनाट्य) तर हिंदू ख्रिश्चन दोघांचा मिळून. रवींद्र भवनंही (सरकारी नाट्यगृहं) आहेत. म्हणजे देव, कला आणि हॉल एकत्र येऊ शकतात का हा प्रश्नच नाही, येतातच.

माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो इथे अजून कुणी काढला नाही, बहुतेक सगळे पुरुष लिहितायत म्हणून असेल. नाट्यगृह लोकांच्या करातून बांधलेलं असतं. देवस्थानाशी भागीदारी केली की देवस्थानाच्या अटी हॉलमध्ये येणार की नाही? बायकांनी रंग लावून काम करायचं नाही, अमुक आख्यान नको, तमुक आडनावाचा माणूस मृदंगावर नको. देवळात ते तुमचं तुम्ही बघा. पण हॉलच्या स्टेजवर मी ते ऐकून घेणार नाही. आता महिलांची दशावतार मंडळंही आहेत, आणि छान करतात. जत्रेच्या नावाखाली दुसऱ्या दिवशीचा प्रयोग लागला तर त्यातली एखादी त्या स्टेजवर उभी राहील का? उत्तर "बघू" असेल तर भाडं कशाला माफ करायचं?

कुडाळचो_चाकरमानी
@पेडणेकरीण हा मुद्दा खरंच माझ्या डोक्यात नव्हता. भाडं माफ हवं असेल तर हॉलचे नियम चालतील, कमिटीचे नाही, हे लिहून घ्यायला हवं. कमिटी मग सही करेल का ते मात्र सांगता येत नाही.

हिशेबनीस
माईकचं पण सांगून टाकतो, कारण दरवर्षी जत्रेत हीच भांडणं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार सण-उत्सवाला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सवलत देऊ शकतं, ती पण रात्री १२ पर्यंतच. म्हणजे एक वाजता सुरू होणाऱ्या नाटकाला सवलतीचा दिवस मिळूनही उपयोग शून्य. बंदिस्त सभागृहात आतल्या आत आवाज ठेवायला मात्र मुभा आहे. म्हणजे कायद्याने रात्रीचं नाटक माईकवर करायची जागा नाट्यगृहच उरते, ही काय माझी आवड नाही.

मांडावरचो
आणि माईक येवच्या आधी काय दशावतार नव्हतो? माझ्या आज्याच्या येळार पेट्रोमॅक्स होते, त्येच्या आधी मशाली. पेटी, पखवाज, झांज, आणि गडी असो बोले की गावदरीर ऐकाक येय. कायद्यान माईक बंद केल्यान तर बरा झाला, जनरेटर पण बंद करा आणि दुकानदारांचे भोंगे पण. मगे ऐका.

कुडाळचो_चाकरमानी
हे मात्र आवडलं. पण जनरेटर बंद करायला खाजेवाल्यांना कोण सांगणार, त्यांच्याकडून कमिटी जागाभाडं घेते ना.

पखवाज्याचो_झिल
दोन दिवस वाचतोय, आता लिहितोच. माझे वडील पखवाजावर होते, काका स्त्रीपार्टी करायचे, वीसेक वर्षं. इथे देवाचं काय म्हणणं ते लिहिलंय, कमिटीचं लिहिलंय, कायद्याचं पण लिहिलंय. कंपनीतल्या कुणाला विचारलंय का?

काकांनी दोन्हीकडे कामं केली, देवळात आणि मुंबईत थिएटरातही. थिएटरबद्दल त्यांची तक्रार वेळेची नव्हतीच. तीन तासात करायला सांगितलं तर ते करायचे, लिहिलेली संहिता नसतेच, आत रंगत बसल्या बसल्या मालक आख्यान सांगतो आणि मग कोण किती बोलणार ते समोरचा रंग बघून ठरतं. त्यांची तक्रार होती काळोखाची. प्रेक्षागृहातले दिवे घालवले की त्यांना समोरचा माणूस दिसायचा नाही, आणि तोंडं दिसली नाहीत तर पद वाढवायचं की आवरायचं हे कळणार कसं? म्हातारी डोळे पुसतेय की जांभई देतेय ह्यावर त्यांची अर्धी भूमिका ठरायची. म्हणायचे, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. तेव्हा हॉलमध्ये करणार असाल तर पहिली अट ही घाला, प्रेक्षकांवरचे दिवे चालू ठेवा. त्याला पैसे पडत नाहीत.

आणि देवळाबद्दल त्यांची तक्रार विचाराल तर ती देवाबद्दल नव्हती. शाळेच्या एका खोलीत पंधरा माणसं रंगायची, आरसा खिडकीत अडकवलेला, गणपतीचा पेटारा कोपऱ्यात पाटावर, त्याची पूजा केल्याशिवाय कुणी तोंडाला रंग लावणार नाही, इथपर्यंत सगळं मानाचं. पण संडासला जायचं तर नऊवारी वर खोचून काळोखात शेतात. थिएटरात बेसिन होतं, नळाला पाणी होतं, काका त्याचंच कौतुक सांगायचे आम्हाला, स्टेजचं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाला माझी हरकत नाही. पण रात्रभर जागलेला माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत रंग लावणार आणि त्याच रात्री कंपनीची पुढच्या गावची जत्रा असणार. कार्तिक ते फाल्गुन एक रात्र मोकळी नसते हो. तुमचा हॉल भरेल, पण रात्री अकराला सुटून पुढच्या गावात कधी पोचायचं?

हिशेबनीस
हे गणित माझं चुकलं, मान्य. मग जत्रेला चिकटून नको, सीझन संपल्यावर मे महिन्यात ठेवा. चाकरमानी तेव्हाही असतातच.

मांडावरचो
मे म्हयन्यात ठेवलास तर माझी काय एक हरकत नाय. तेव्हा ती जत्रा नाय, नाटक. देवळाच्या नावाची पण गरज नाय, आंबे-फणसाच्या नावान खपवा.

पेडणेकरीण
देवळाचं नाव गेलं की अटीही गेल्या. चालेल मला.

कुडाळचो_चाकरमानी
म्हणजे शेवटी भागीदारीतून देवस्थानच वजा झालं 😅 पण मग पत्रिकेत जाहिरात कोण करणार आणि तिकिटं कोण खपवणार, तिथेच तर घोडं अडलं होतं.

पखवाज्याचो_झिल
कमिटीला एवढंच सांगा, जत्रेच्या रात्री आडदशावतार झाला की आख्यानाआधी माईकवरून... नाही, माईक नसेल ना 😄 तोंडाने, मे महिन्यातली तारीख एकदा पुकारा. आणि त्यांना खरंच काही द्यायचं असेल तर त्या शाळेच्या मागे एक संडास बांधू दे.

झाडीचा_पोरगा
आणि दह्याचं काय ठरलं?

मांडावरचो
प्लास्टिक हातरा.